बिरदेवचं अर्धं नमन

बिरदेव भवानीनगरच्या साखर कारखान्यात वायरमन. कॉलनीत कुणाचा पंखा बंद पडला की तो यायचा, चपला दाराबाहेर जोडीनं ठेवायचा आणि पंख्याकडे बघण्याआधी घरातल्या सगळ्यांची चौकशी करायचा. गाव डाळज. घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती. वडील आबाजी गावच्या बिरोबाच्या देवळात ओव्या म्हणण्यात पुढे, आणि त्यांच्या शेजारी नऊ वर्षांचा असल्यापासून ढोलावर बिरदेव. अशा माणसाची कॅसेट पुण्यामुंबईच्या कॉलेजांत खपेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण ती खपली.

त्याला कारण आमच्या शेजारचा युवराज. तो पुण्यात इंजिनिअरिंगला तीन वर्षं होता, त्यातलं पहिलं वर्ष दोनदा. परत आला तेव्हा पदवी नव्हती, इलेक्ट्रिक गिटार होती. एके दिवशी लाइट जाऊन आली आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर जळाला. बिरदेवला बोलावणं गेलं. त्यानं जत्रेतल्या लाउडस्पीकरचं मशिन आणून जोडून दिलं. आवाज आला तो फाटका, रस्त्यावरून पत्रा ओढत न्यावा तसा. बिरदेवनं माफी मागून पुन्हा स्क्रू ड्रायव्हर काढला, तर युवराजनं त्याचा हात धरला. हाच आवाज तो पुण्यात दोन वर्षं शोधत होता.

या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात, असं युवराजनं सांगितलं. हे कुठल्या कार्यात वाजवतात, असं बिरदेवनं विचारलं. कुठल्याच नाही, असं उत्तर आल्यावर त्याला युवराजची काळजी वाटू लागली, आणि काळजीपोटीच तो त्याच्याजवळ बसायला लागला. हंगाम संपला की हे दोघं आणि बारामतीला लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा राम, रिकाम्या गोदामात जमायचे. बिरदेव ढोल वाजवून ओवी म्हणे, बाकीचे दोघं तिच्या मागे लागत. बँडचं नाव ठेवलं 'गाळप'. आमचे हे कारखान्यात केमिस्ट. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून ते कुठल्या मशिनचं बेअरिंग गेलं ते बघायला धावले होते.

ढोल देवळाचा होता. आबाजींनी तो एकाच अटीवर दिला: नमन अर्ध्यात तोडायचं नाही. ओवीच्या आधी एकेका देवाला नमन करतात. आबाजींच्या रीतीत आधी लांबचे देव, मग वाटेवरचे आणि सगळ्यांत शेवटी आपल्या गावचा. घरच्या माणसाला जेवायला शेवटी बसवतात, तसं. तो वाट बघतो, पण त्याला विसरायचं नसतं.

पुण्यात रेकॉर्डिंग झालं तेव्हा नमनाला चोवीस मिनिटं लागली. कंपनीचा माणूस डोळे मिटून ऐकत होता. सुंदर आहे, म्हणाला. पण त्याला त्याच बाजूला आणखी तीन गाणी बसवायची होती. त्यानं सतरा मिनिटांवर आवाज हळूहळू कमी करत नेला आणि संपवला. बिरदेवला हे कॅसेट हातात आल्यावर कळलं.

ती शहाण्णवच्या दिवाळीत आली आणि संक्रांतीपर्यंत तीनदा पुन्हा काढावी लागली. शेवट मोकळा सोडण्याचं धाडस, असं पुण्याच्या एका पेपरात छापून आलं. बारामतीच्या दुकानदाराला ती भक्तिगीतांत ठेवायची की इंग्रजीत हे ठरवता येईना, म्हणून त्यानं दोन्हीकडे ठेवली. दोन्हीकडची संपली.

डाळजला आबाजींनी ओसरीवर बसून ती पहिल्यापासून ऐकली. गिटारबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

"इंदापूरपातूर आलास," ते म्हणाले. "म्होरं?"

"म्होरं संपवली त्यांनी, आबा."

"टेप संपली का देव संपलं?"

बिरदेवनं कॅसेट बाहेर काढली.

"चौदा देव उन्हात उभं हायती. आन् त्यात आपला."

ढोल देवळात परत गेला. यंदा जत्रेत तो सोनबा वाजवील, असं आबाजींनी पंचांना कळवलं. सोनबा बिरदेवचा चुलतभाऊ. त्याला ढोल येत होता, हौस नव्हती. इकडे कॉलनीत जो तो बिरदेवचं अभिनंदन करी, आणि कुणी सांत्वनाला आलं असावं तसा तो मान खाली घालून हात जोडी.

एक दिवस तो माझ्याकडे कोरा कागद घेऊन आला. पुढच्या छपाईत राहिलेली सात मिनिटं घालावीत, असं पत्र मी त्याला कंपनीच्या नावे लिहून दिलं. उत्तर गुळगुळीत कागदावर आलं: श्रोत्यांना शेवट आहे तसाच आवडतो आहे. सोबत दहा कॅसेटी भेट. त्या त्यानं कुणाला दिल्या नाहीत. "दहा घरांत अर्धं कशापायी ठेवायचं, वहिनी?" म्हणाला.

चैत्रात जत्रा आली. ढोल काढून घेतला तरी लाउडस्पीकर जोडायला गावात दुसरं कुणी नव्हतं. भर दुपारी, सोनबा ढोल गळ्यात अडकवून उभा राहिला तोच, बिरदेवनं मशिनवर आपली कॅसेट लावली. सतरा मिनिटं सगळ्या डाळजनं गिटार ऐकली. त्याच्या आईनं, फुलाबाईंनी, पदर कानांवरून घेतला, पण उठल्या नाहीत. इंदापूर आलं, आवाज बारीक व्हायला लागला, आणि तो पुरता विरायच्या आत बिरदेवनं माइक तोंडाशी धरून पुढचा देव उचलला. नुसता गळा. युवराज गिटार घेऊन आलेला होता, त्यानं सूर धरला. तिसऱ्या देवाला सोनबाचा हात ढोलावर पडला. त्यानं आबाजींकडे बघितलं; ते बोटांवर देव मोजत होते.

चौदावा बिरोबा झाला. आबाजींनी बिरदेवच्या कपाळाला भंडारा लावला, मग युवराजच्या. थोडा विचार करून गिटारलाही लावला.

"आबा, पुढच्या महिन्यात मुंबईला कार्यक्रम आहे," युवराजनं संधी साधली. "ढोल न्यायचा का?"

"किती येळ दिलाय तुमाला?"

"पाऊण तास."

"मंग आदी नमन. उरंल त्यात तुमचं काय त्ये वाजवा."

मुंबईत त्यांनी तसंच केलं. तिथल्या देवालाही बिरदेवनं वाटेवर जागा दिली, त्यात दोन मिनिटं वाढली. शेवटपर्यंत लोक उभे राहून ऐकत होते, असं युवराज सांगतो. खुर्च्याच नव्हत्या, असं बिरदेव सांगतो.