लुद्विकला पेलणारी सायकल

लुद्विक ओश्लाकखाली चार वर्षांत तीन सायकली गेल्या. पहिलीचं मागचं चाक पापडासारखं वाकलं, दुसरीची चौकट जोडाशी चिरली, आणि तिसरी पाद्र्याच्या कोपरावर, म्हणजे आमच्या वाटेवरच्या सर्वांत दगडी वळणावर, एका दमात दोन्ही चाकांनिशी गेली. लुद्विकला दर वेळी खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सायकलवाल्यांनी तक्रार करावी अशीच ही परिस्थिती होती.

लुद्विक शिशाच्या खाणीत अकरा वर्षं होता. पेत्सा डोंगराच्या पोटातली ती खाण बंद झाल्यावर आमच्या खोऱ्यातल्या माणसांना खणण्याची सवय तेवढी उरली. मग तीन उन्हाळे खपून जुन्या खाणकामगारांनी डोंगरावरच्या विश्रामघरापासून खाली चर्चच्या चौकापर्यंत सायकलींसाठी पाच किलोमीटरची उतारवाट खणली. डोंगरवाटा खणणाऱ्या आमच्या मंडळाचा नियम जुना आहे: ज्याची कुदळ सर्वांत जास्त तास चालली, तो उद्घाटनाला पहिला उतरणार आणि त्याचं नाव वहीत पहिलं लागणार. वहीत लुद्विकचे चारशे बारा तास होते. दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या माझे एकशे नव्वद, आणि त्यातले बरेच मी उभ्याने सल्ला देण्यात घालवले होते.

अडचण एवढीच, की ज्या वाटेचा दगडन् दगड त्याने बसवला, तिच्यावरून तो एकदाही खालपर्यंत पोचला नव्हता.

"तू फीत काप," मंडळाचा अध्यक्ष आल्बिन त्याला जानेवारीत म्हणाला. "उतरायला माझा भाचा आहे. साठ किलोचा आहे पोरगा. सायकलला कळतसुद्धा नाही तो बसलाय ते."

"त्याने किती तास खणलं?"

"त्याचा गुडघा दुखत होता."

"तीन उन्हाळे?"

शेवटी ठरलं असं, की जूनच्या उद्घाटनापर्यंत लुद्विकला पेलणारी सायकल मिळाली तर तो, नाहीतर भाचा.

त्याच आठवड्यात ओश्लाकांकडे डुक्कर कापायचं होतं. आमच्याकडे त्या दिवशी शेजारी जमतात, डुकराच्या वजनाचा अंदाज बांधतात, आणि ज्याचा बरोबर येईल त्याला पहिलं रक्ताचं सॉसेज मिळतं. डुक्कर एकशे बहात्तर भरलं. ते तराजूवरून उतरवल्यावर लुद्विकची बायको रेझिका हात पुसत खाटकाला म्हणाली, "फ्लोर्यान, आता ह्याला लटकव."

"कशाला?" लुद्विक म्हणाला. "माझं वजन ठाऊक आहे मला. एकशे पाच."

"ते लग्नातलं."

प्रत्येक दुकानात त्याने हेच एकशे पाच सांगितलं होतं आणि प्रत्येक दुकानदाराने सज्जनपणे विश्वास ठेवला होता. फ्लोर्यान खाटकाने तराजूचा लोखंडी आकडा पुढे केला. लुद्विक सायकलीवर असतो तसाच, बूट, हेल्मेट आणि पाठीवरच्या भरल्या पिशवीसकट दोन्ही हातांनी त्याला लोंबकळला. अंगणात अंदाज सुरू झाले. काटा एकशे अडतीसवर थांबला.

"डुक्कर निदान गप्प लटकलं होतं," फ्लोर्यान म्हणाला. सॉसेज रेझिकाने जिंकलं. तिचा अंदाज अचूक होता, कारण पलंगाच्या तिकडच्या बाजूला ती तीस वर्षं झोपत होती.

मार्चमध्ये मी त्याच्यासोबत शहरातल्या दुकानात गेलो. दुकान येरनेयाचं. तिचे वडील खाणीत लुद्विकच्याच पाळीत होते. लुद्विक एकेका सायकलीपाशी थांबून चौकटीवर बोटाच्या पेरांनी टकटक करत होता आणि कान लावत होता. खाणीत छत असंच वाजवून बघतात. पोकळ आवाज आला की तिथून निघायचं.

"बाबाही दारं अशीच वाजवतात," येरनेया म्हणाली. "किती वजन, काका?"

लुद्विकने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"एकशे अडतीस. सामानासकट."

"पहिल्यांदाच कुणीतरी खरं सांगितलं," ती म्हणाली आणि तिने अर्धं दुकान बाजूला सारलं. "प्रत्येक सायकलीला मर्यादा असते, आणि बहुतेकींत तिचं स्वतःचं वजनही धरतात. म्हणजे तुमचे एकशे अडतीस, हिचे सतरा. ही एकशे साठपर्यंतची आहे. चाकांना बत्तीस-बत्तीस तारा. ब्रेकच्या चकत्या मोठ्या, नाहीतर एवढं वजन उतारावर थांबवताना तापतील. टायर जाड. मागे दणका झेलायला हवेऐवजी पोलादी स्प्रिंग, तुमच्या वजनाची मागवते."

लुद्विकने टकटक केलं, ऐकलं, मान डोलावली.

स्प्रिंग आली त्या दिवशी तो सायकलवर बसला, आणि ती त्याच्याखाली दोन बोटं दबली. तो ताबडतोब उतरला.

"ढिली आहे. आवळ."

"तेवढी दबायलाच हवी. आधीच्या तिघींचं काय केलं होतंत?"

"पुढच्या नळ्यांत मावेल तेवढी हवा भरली. मागचं आवळून टाकलं. काही हलत नव्हतं." त्याच्या सुरात अभिमान होता. आमच्या खोऱ्यात हलणारी वस्तू म्हणजे ढिली वस्तू, मग ते दार असो, दात असो की लग्न.

"म्हणजे सगळा दणका चाकांनी आणि चौकटीने खाल्ला," येरनेया म्हणाली. "काका, खाणीत छताला टेकू कसले लावायचात? लोखंडी?"

"लाकडी. जमेल तिथे लाकडीच."

"का?"

"लाकूड आधी दबतं. करकरतं. माणसाला निघायला वेळ देतं. लोखंड शेवटपर्यंत ताठ उभं राहतं आणि मग..."

येरनेयाने पाना खाली ठेवला. लुद्विकने वाकून स्प्रिंगकडे पाहिलं. मग पुन्हा बसला, दोन बोटं दबला, आणि तसाच बसून राहिला.

"राहू दे," तो म्हणाला.

उद्घाटनाला चौकात अग्निशमन दलाचा बँड होता. आल्बिनचा भाचा हेल्मेट घालून तयार होता, गरज पडली तर म्हणून. मी पाद्र्याच्या कोपरापाशी प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभा होतो. वरून कुणीतरी "स्रेच्नो" ओरडलं. खाणीत उतरणाऱ्याला आम्ही तसंच सुखरूप राहा म्हणतो.

आधी टायरांचा आवाज आला, मग लुद्विक. तो स्वतः बसवलेल्या दगडांवर आला. त्याच्याखाली चाकं वर-खाली होत होती, सायकल दबत होती, उसळत होती, आणि वर तो मात्र चर्चच्या घंटेसारखा संथ, वजनदार, जागच्या जागी. वळण संपलं. माझी पेटी उघडायची राहिली. पुढच्या झाडीतून एक आवाज आला. चाक गेलं असं मला वाटलं. तो हसत होता.

चौकात पोचला तेव्हा बँडने चुकून आधीच संपवलेली धून पुन्हा सुरू केली. रेझिकाने धून संपायची वाट न बघता टाळ्या वाजवल्या. लुद्विकने उतरून चौकटीवर पेरांनी टकटक केलं आणि कान लावला.

"काय म्हणतेय?" आल्बिनने विचारलं.

"भाच्याला सांग, वाट मोकळी आहे."

मग वही उघडली. आल्बिनने लिहिलं: पहिला, लुद्विक ओश्लाक. आणि शिक्का उचलला.

"थांब," लुद्विक म्हणाला. "वजन लिही."

"वहीत वजन कुणी लिहीत नाही रे."

"एकशे अडतीस. सामानासकट. फ्लोर्यान साक्षीदार आहे."

आल्बिनने लिहिलं. शिक्का वाळेपर्यंत लुद्विक सायकल घेऊन पुन्हा डोंगराकडे चालू लागला होता.