डाळजच्या करुणाचं उत्तर

डाळजच्या करुणा साबळेला लोकांना उत्तरं द्यायची सवय होती. माहेर निरवांगीचं. इंदापूरच्या कॉलेजात बी.ए. झाली आणि लग्नाआधी सोलापूर हायवेवरच्या एका लॉजच्या काउंटरवर काम केलं. तिथं ती एक गोष्ट पक्की शिकली. गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी आपला आवाज चढवायचा नाही, आधी 'क्षमस्व' म्हणायचं आणि मग काय ते बोलायचं.

नवरा सोमनाथ उजनी धरणाच्या पाण्यावर होडी चालवायचा. आधी मासे धरायला, पुढं थंडीत येणाऱ्या पाहुण्यांना फ्लेमिंगो दाखवायला. पुण्यामुंबईची माणसं अंधारात गाड्या हाणत यायची, कुडकुडत होडीत बसायची आणि ऊन चढलं की परत जायची. ही माणसं आदल्या दिवशीच आली, आपल्याकडं जेवली, राहिली, तर काय वाईट, असं करुणाच्या डोक्यात आलं. घराच्या पुढच्या अंगाला दोन खोल्या काढल्या, कमोड बसवला, भिंतींना पांढरा रंग दिला आणि मोबाईलवर फोटो काढून नेटवर टाकले. पहिल्याच हिवाळ्यात खोल्या भरायला लागल्या.

पाहुणे गेल्यावर स्टार द्यायचे, चार ओळी लिहायचे. करुणा प्रत्येकाला उत्तर लिहायची. वाईट लिहिणाऱ्याला तर आधी. एकानं लिहिलं, पक्षी फार लांब होते. 'क्षमस्व. पुढच्या वेळी सोमनाथ तुम्हाला दुसऱ्या बाजूनं नेतील.' एकीनं लिहिलं, चिलापी माशाचं कालवण तिखटजाळ. 'क्षमस्व. यापुढं आधी विचारून करू.' पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याचीसुद्धा तिनं माफी मागितली होती. सोमनाथ हसायचा. "आगं, कोंबडा तरी आपला हाय का?"

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, केसरबाई. करुणाची मुलगी बारामतीला हॉस्टेलवर शिकायला होती. केसरबाईंचं वय सत्तरीच्या पुढं. उमेदीची सगळी वर्षं भिगवण स्टेशनवर पाटीतले पेरू विकण्यात गेली. घराची आतली खोली त्यांची. नवरा, ज्ञानदेव, हयात असताना दोघांनी डोक्यावर विटा वाहून ती उभी केली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली लोखंडी पलंग, कोपऱ्यात पेटी.

यंदाच्या सीझनला दोन खोल्या पुरेनात. नाताळच्या आधीच माणसं फोन करून विचारायला लागली. करुणानं सासूला विचारलं, "आत्या, थंडीपुरती तुमची खोली देऊ का पाव्हण्यांना?"

केसरबाई लगेच म्हणाल्या, "दे की. मी फुलाबाईकडं झोपंन. ती एकलीच असती. तिलाबी सोबत व्हईल."

फुलाबाई म्हणजे चार घरं सोडून राहणारी त्यांची जुनी मैत्रीण. करुणाला बरं वाटलं. रोज जेवणं झाली की केसरबाई शाल खांद्यावर टाकून बाहेर पडायच्या. सकाळी करुणा पोह्यांचा कांदा चिरायला बसायची तोवर त्या अंघोळ करून चुलीपाशी आलेल्या असायच्या. दिवस असे चालले होते.

जानेवारीतली दुपार होती. करुणा वसरीत मेथी निवडत बसली होती. मोबाईल वाजला. नवा रिव्ह्यू. पुण्याच्या सुप्रिया नावाच्या बाई आदल्या रविवारी आतल्या खोलीत राहून गेल्या होत्या, त्यांचा. करुणाला त्या चांगल्या आठवत होत्या. गळ्यात मोठा कॅमेरा, बोलणं कमी. जाताना त्यांनी करुणाचा हात हातात घेतला होता, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, आणि मग "जेवण फार छान होतं," एवढंच म्हणून गाडीत बसल्या होत्या.

एक स्टार.

'खोली स्वच्छ. जेवण उत्तम. पक्षी भरपूर. तरीही एकच स्टार देते आहे. मी ज्या पलंगावर झोपले तो या घरातल्या आजींचा आहे, आणि त्या स्वतः मागे शेळ्यांच्या गोठ्यात झोपतात. पहाटे मी मागच्या बाजूला गेले तेव्हा त्या अंगावरचा पाला झटकत बाहेर येत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, माझी खोली थंडीत पाहुण्यांना असते, मी रोज इथंच असते. हे आधी कळलं असतं तर मी आलेच नसते. एका म्हातारीला थंडीत घराबाहेर काढण्यासाठी मी पैसे दिले नव्हते.'

करुणानं ते वाचलं, पुन्हा वाचलं. मांडीवरची मेथी खाली सांडली तरी तिला कळलं नाही.  एवढं खोटं? तोंडावर जेवणाचं कौतुक करायचं आणि मागं असलं काहीतरी रचायचं? तिची बोटं आपोआप चालायला लागली.

'हे धादांत खोटं आहे. माझ्या सासूबाई शेजारी फुलाबाईंच्या पक्क्या घरात झोपतात. तुम्ही आमच्या घराची बदनामी करत आहात. आमच्यासारख्यांनी वर यावं हे तुमच्यासारख्यांना बघवत नाही, हे आम्हाला नवीन नाही.'

क्षमस्व नाही, काही नाही. पाठवून दिलं. पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. फुलाबाईलाच मोबाईलसमोर उभं करावं, तिच्या तोंडून वदवून घ्यावं आणि तो व्हिडिओच टाकावा, असं ठरवून ती तशीच चपला घालून निघाली.

फुलाबाईच्या दाराला कुलूप होतं. अंगणात लिंबाचा वाळका पाला साचलेला. कुणी झाडलेला नव्हता. उंबऱ्यावर धूळ, आणि धुळीवर पावलाचा एकही ठसा नाही. करुणा दाराकडं बघत राहिली. शेजारच्या अंगणात कौसल्या धुणं वाळत घालत होती.

"कौसल्याबाई, फुलामावशी रानात गेल्यात का?"

"रानात? आगं, ती म्हैना झाला बारामतीला हाय, लेकीकडं. गुडघ्याचं आपरेशन झालं न्हवं का तिचं? तुला ठाव न्हाय?"

"मग आमच्या आत्या..." करुणानं पुन्हा कुलपाकडं बघितलं. "आत्या हितं येत न्हाईत झोपायला?"

कौसल्यानं हातातलं लुगडं पिळलं, दोरीवर टाकलं. "तुझ्या घरातलं मला काय ठाव, बाई," ती म्हणाली, पण म्हणताना तिनं करुणाकडं बघितलं नाही.

करुणा घरी आली ती पुढच्या दारानं आत न जाता वळसा घालून मागं गेली. शेळ्या केसरबाईंच्या. त्यांचं शेण-मूत, पाला, दूध सगळं त्याच बघायच्या. करुणा तिकडं कधी फिरकायची नाही. पाहुण्यांच्या कपड्यांना, चादरींना वास लागतो म्हणून ती तो भागच टाळायची. आत्ता शेळ्या चरायला गेल्या होत्या. छपरात वाकून ती आत गेली.

एका कोपऱ्यात दोन फळ्या विटांवर टाकल्या होत्या. त्यावर पोती, पोत्यांवर गोधडी. दिवाळीत करुणानंच घेतलेली शाल उशाला घडी करून ठेवलेली. बाजूला पाण्याची बाटली, बामची डबी, कंगवा. वाऱ्याच्या बाजूला खताची रिकामी पोती शिवून पडदा केला होता, सुतळीनं, नीट, टाकान् टाका मोजून घातल्यासारखा. एखाद्या दिवसाची सोय नव्हती ती. इथं माणूस राहत होतं.

 करुणा त्या फळ्यांवरच बसली. पोह्यांचा कांदा चिरताना आत्या रोज आपल्या शेजारी बसायच्या. त्यांच्या केसांत कधी पाल्याची काडी दिसली नाही? दिसली असेल. आपण बघितलं नाही.

बाहेर मोटारसायकल थांबली. सोमनाथ पाण्यावरून आला होता. तिला शोधत तो मागं आला आणि छपराच्या तोंडाशी उभा राहिला.

"अवं," करुणा म्हणाली, "आत्या हितं झोपत्यात?"

"व्हय."

"तुमाला ठाव हुतं?"

सोमनाथ गोंधळला. हातातली किल्ली त्यानं या हातातून त्या हातात घेतली. "म्हंजे? करुणा... मला वाटलं, तुलाबी ठाव हाय."

"मला ठाव असतं, अन् मी गप ऱ्हायले असते?"

 सोमनाथ नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.  

मग तो म्हणाला, "मी म्हटलं हुतं आईला, आत ये म्हणून. ती म्हणली, आमा दोघींचं ठरलंय, तू मधी पडू नगं. मग मी न्हाय पडलो."

शेळ्या घेऊन केसरबाई आल्या तेव्हा दिवस कलला होता. छपरात सून बसलेली बघून त्या थबकल्या. मग एकेक शेळी दाव्याला बांधायला लागल्या.

"आत्या, फुलामावशी बारामतीला गेल्यात, हे मला का न्हाय सांगितलं?"

"आठ दिसांत येईल म्हणली हुती."

"न्हाय आल्या. मग सांगायचं. सैपाकघरात झोपला असता. आमच्या खोलीत झोपला असता."

"सैपाकघर पाव्हण्यांच्या खोलीला लागून हाय," केसरबाई म्हणाल्या. "अन् तुमची तर त्याच्याबी जवळ. माझा खोकला ऐकू जातो."

"जाऊ दे की!"

"जाऊ दे कसं? गेल्या साली त्या मुंबईच्या माणसानं लिवलं न्हवतं का, म्हातारी रातभर खोकत हुती, डोळ्याला डोळा लागला न्हाय म्हणून? वसरीत बसून तू सोमनाथला वाचून दावलं. अन् मग तू काय लिवलं, तेबी वाचून दावलं."

करुणाला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. 'क्षमस्व. यापुढे पाहुण्यांना हा त्रास होणार नाही याची आम्ही पूर्ण काळजी घेऊ.' कालवणाबद्दल लिहावं, कोंबड्याबद्दल लिहावं, तसंच तिनं ते लिहिलं होतं. लिहून विसरलीही होती. आत्या तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

"तू शबूद दिला हुतास, बाई," केसरबाई म्हणाल्या. "घरचा शबूद. मी पाळला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर करुणाला भांडता आलं असतं. ती उठली. गोधडी काखेत मारली, शाल घेतली, बाटली, बाम, कंगवा सगळं ओच्यात घेतलं आणि आतल्या खोलीत नेऊन पलंगावर ठेवलं. केसरबाई मागून आल्या.

"शनवारी पाव्हणं हायत न्हवं ह्या खोलीत?"

"न्हाईत," करुणा म्हणाली, आणि त्यांच्या समोरच तिनं शनिवारच्या माणसांना फोन लावला, खोली देता येत नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सोमनाथनं साधा उपाय सांगितला. "तुजं ते उत्तर काढून टाक. बास. कुणाला कळतंय?" करुणानं ते काढलं. पण त्या जागी दुसरं लिहिलं. लिहायला तिला सगळी सकाळ लागली.

'सुप्रियाताई, तुम्ही लिहिलं ते खरं आहे. मी तुम्हाला खोटं ठरवलं आणि नको ते बोलले. सासूबाई कुठं झोपतात हे मला माहीत नव्हतं. ही सबब नाही. गोठा माझ्याच घरामागं आहे. ती खोली आता कुणाला मिळणार नाही. करुणा साबळे.'

मग तिनं मुंबईच्या माणसाचा जुना रिव्ह्यू शोधला आणि त्याखालचं आपलं आश्वासन पुसून टाकलं.

परिणाम व्हायचा तो झाला. पहिलं उत्तर काढायच्या आधीच कुणीतरी त्याचा फोटो घेतला होता; दोन्ही उत्तरांचे फोटो गावाच्या ग्रुपवर आले. बुक केलेल्यांपैकी काहींनी नको म्हणून कळवलं. हे करुणा धरूनच चालली होती. तिनं धरलं नव्हतं ते असं, की केसरबाईच पेटतील.

"जगाला सांगितलंस?" त्या कडाडल्या. एवढ्या वर्षांत करुणानं त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "भिगवण टेशनातली समदी मला वळखत्यात. आता म्हणत्याल, केसरबाईला सुनंनं गोठ्यात टाकली!"

"टाकलीच की, आत्या."

"तू न्हाय टाकली! मी गेले. माज्या पायानं गेले. मला टाकायची कुनाची टाप न्हाय!"

 चिडलेल्या माणसाला काय म्हणायचं ते करुणाला पाठ होतं, पण तो शब्द आता तिच्या तोंडून निघेना. केसरबाई कित्येक दिवस तिच्याशी तुटक बोलत राहिल्या. पलंगावर झोपायच्या, पण त्यांनी सामान पेटीत ठेवलं नाही. गाठोडं बांधून पायथ्याशी ठेवायच्या, कुणी उठ म्हणालं की उठता यावं तसं. झाडताना करुणाला ते गाठोडं दिसायचं. एकदा ती ते सोडायला गेली तर केसरबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माजं मी बघंन."

भिगवणच्या डॉक्टरांनी छाती तपासली, पाल्याच्या धुळीनं दमा वाढलाय म्हणाले आणि ओढायचं औषध दिलं. शेळ्या सोडायला केसरबाई तयार झाल्या नाहीत. तोंडाला पदर बांधून पाला टाकायचा, एवढं कबूल केलं. महाशिवरात्रीच्या सुमारास कधीतरी गाठोडं दिसेनासं झालं. पेटी त्यांनी कधी उघडली ते कुणी पाहिलं नाही.

सुप्रियाबाईंनी तो एक स्टार बदलला नाही. करुणानं बदला म्हणून सांगितलंही नाही. पुढच्या दोन खोल्या चालू राहिल्या, पहिल्यासारख्या भरत नव्हत्या एवढंच.

उन्हाळा लागला, पाणी हटलं, फ्लेमिंगो गेले. सोमनाथ पुन्हा जाळी घेऊन जायला लागला. एका सकाळी करुणा त्याची भाकरी द्यायला काठावर गेली होती. भाकरी दिली तरी ती तिथंच उभी राहिली.

"अवं, एक विचारू? त्या दिशी तुमी म्हणलात, मला वाटलं तुलाबी ठाव हाय. खरंच तुमाला मी तशी वाटले?"

सोमनाथनं होडीचा दोर सोडता सोडता हात थांबवला. खोटं सांगावं की खरं, याचा विचार त्याच्या तोंडावर दिसत होता.

"तवा वाटलीस," तो म्हणाला, आणि होडी पाण्यात ढकलली.