सर तिथंच होते

“कायम सदस्यत्व जन्मानं मिळतं गं, चिठ्ठी काढून नाही.”

मॅडम हसत म्हणाल्या. माइक चालू होता. सभागृह भरलेलं होतं. सगळं सभागृह हसलं.

माझ्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती, ‘फ्रान्स’ लिहिलेली. मॅडमनी ती माझ्याकडून काढून घेतली. हिसकावली नाही. लहान मुलाच्या हातातली काचेची वस्तू घ्यावी तशी, हळूच, बोटं सोडवून घेतली. मग माझ्याच वर्गातल्या एका मुलापुढे ठेवली. सात रस्ता चौकात त्याच्या वडिलांची मोटारींची शोरूम आहे. त्या दिवशीचं जेवण आणि व्यासपीठावरची फुलं त्यांच्याकडून होती.

मुलगा ओशाळला. “सॉरी हं,” तो पुटपुटला, “मला पण आज सकाळीच सांगितलं.”

आमचा विषय राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या विभागात दरवर्षी लुटुपुटुची सुरक्षा परिषद भरायची. विद्यार्थी वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी व्हायचे, युद्धबंदीचा ठराव मांडायचे, भांडायचे, मतं द्यायचे. कोणी कुठला देश व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. पंधरा देश. त्यातले पाच कायमचे, नकाराधिकाराचे. त्यांच्यातल्या एकानं ‘नाही’ म्हटलं की बाकी जगाचं ‘हो’ तिथंच थांबतं. मला त्या पाचातला एक आला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ‘नाही’ला किंमत येणार होती, मग ती एका दुपारपुरती का असेना.

मी कित्येक आठवडे तयारी केली. भवानी पेठेत मी एका खोलीत भाड्यानं राहत होते. खाली यंत्रमाग चालायचे. गच्चीवर जाऊन, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून मी इंग्रजी भाषण पाठ केलं. घरमालकीण तेलुगूत काहीतरी म्हणायची आणि हसायची. तिला वाटायचं, पोरगी भांडायला शिकतेय.

“मॅडम, चिठ्ठी मला आली होती,” मी म्हणाले.

तेव्हा त्या ते वाक्य म्हणाल्या. हसू ओसरल्यावर पुढं म्हणाल्या, “पाहुणे राजदूत राहिलेले आहेत. त्यांच्यासमोर फ्रान्स जरा फ्रान्ससारखा दिसायला नको? तू चिठ्ठ्या पोचव. तेही महत्त्वाचं काम आहे.”

परिषदेत प्रतिनिधींनी एकमेकांशी उठून बोलायचं नसतं. कागदावर लिहून द्यायचं. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेणारं एक माणूस लागतं. आमच्याकडे ते काम शिपाईमामा करायचे. मामा त्या दिवशी रजेवर नव्हते. दारात उभे होते. माझ्याकडे पाहून त्यांनी मान खाली घातली.

व्यासपीठावर तिघं होती. मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख. पाहुणे, ते निवृत्त राजदूत. आणि परिषदेचे अध्यक्ष म्हणून सर.

सर म्हणजे ज्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे ते. सर आमच्यातले. मातंग. आमच्या वैराग गावापासून जवळच्याच एका वाडीतले. माझे वडील वैरागच्या बाजारात हमाली करतात. माझ्या प्रवेशाच्या दिवशी ते सोबत आले होते आणि विभागाच्या दारात चपला काढून उभे होते. सरांनी आतून पाहिलं. उठून बाहेर आले.

“दादा, चपला घाला,” ते म्हणाले. “हे देऊळ न्हाई.”

वडिलांना रडूच आलं. “सर, पोरगी तुमच्या वटीत घालतो. हितं आमचं कुनी न्हाई.”

“कुनी न्हाई कसं? मी हाय हितं.”

एरवी सर छापल्यासारखं मराठी बोलत. त्या दिवशी ते आमच्या बोलीत बोलले. वडील परतीच्या एस.टी.त बसले तेव्हाही हेच म्हणत होते. घरी गेल्यावर साऱ्या वस्तीला सांगत सुटले. ‘मी हाय हितं’ म्हनले सर. आपलं मानूस हाय तितं.

दोन वर्षं सरांनी मला घडवलं. मला माझं वाक्य लिहायला शिकवलं. चुकलं की हिरव्या शाईनं दुरुस्त करून द्यायचे. मतदानावरचा त्यांचा तास मी कधी विसरणार नाही. ते म्हणाले होते, “जो गैरहजर राहतो तो निदान पळून तरी जातो. तटस्थ राहणारा समोर बसून सगळं बघतो. इतिहास वाचताना त्याची नोंद वेगळी करत चला.” मी ते वहीत उतरवून घेतलं. खाली रेघ मारली.

तर त्या दुपारी मी सरांकडे पाहिलं. ते माझ्यापासून चार पावलांवर होते. त्यांच्यासमोर ठरावाचा मसुदा होता आणि ते तो वाचत होते. तो मसुदा त्यांनीच लिहिलेला होता.

मॅडम म्हणाल्या, “सर, हिचं भाषण तपासायला तुमच्याकडे होतं ना? द्या त्याला. आयत्या वेळी तो काय बोलणार?”

सरांनी फाइल उघडली. माझं भाषण काढलं आणि त्या मुलाला दिलं.

एवढंच. मग पुन्हा मसुदा वाचू लागले.

मी चिठ्ठ्या पोचवल्या. रशियाकडून चीनकडे. ब्राझीलकडून घानाकडे. फ्रान्सकडूनही एक आली. माझी वाक्यं माझ्या मागून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत होती. एका शब्दाला तो अडखळला. गच्चीवर मीही तिथंच अडखळायचे. पाहुण्यांनी फ्रान्सचं विशेष कौतुक केलं.

पुढच्या आठवड्यात मी तक्रार निवारण समितीकडे मॅडमविरुद्ध तक्रार दिली. वर्गातले म्हणाले, “कशाला? विनोद होता तो. मॅडम मनानं चांगल्या आहेत.” ‘जन्मानं’ हा विनोद कुणाकुणाला कळतो आणि कुणाला लागतो, हे त्यांना समजावणं मला जमलं नाही, आणि त्यांच्यातलं कुणी साक्ष द्यायला तयार नव्हतं. पण मला भीती नव्हती. माझ्याकडे साक्षीदार होता. व्यासपीठावर बसलेला, माइकच्या शेजारी.

समितीनं मला आणि सरांना एकाच वेळी बोलावलं. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “सर, असं वाक्य उच्चारलं गेलं का?”

सरांनी चष्मा काढून पुसला.

“मी त्या वेळी मसुदा वाचत होतो. माझं लक्ष नव्हतं. दोन्ही बाजूंबद्दल मला आदर आहे. या प्रकरणात मी तटस्थ आहे.”

तो शब्द. तोच. शिकवतानाच्याच आवाजात.

तक्रारीत तथ्य आढळलं नाही. मला समज देण्यात आली की यापुढे खेळीमेळीचं वातावरण बिघडवू नये.

संध्याकाळी सरांनी मला सात रस्त्याच्या एका टपरीवर चहाला नेलं. रिक्षांचा गोंगाट होता. त्यांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, “तुला लई लांब जायचंय. असल्या बारक्यासारक्या गोष्टीत अडकू नको. डिग्री घे. सेट काढ. आपल्याला एक शब्द बोलायचा तर दहादा विचार करावा लागतो. मी पन केला.”

मी विचारलं, “सर, तुम्ही ऐकलं होतं का?”

त्यांनी चहा संपवला. ग्लास खाली ठेवला.

“व्हय,” ते म्हणाले.

ऐकलंच नसतं तर मी त्यांना माफ केलं असतं. मला ते खोटं हवं होतं. ते मिळालं नाही.

त्यानंतरही मी त्यांची विद्यार्थिनी राहिले. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झाले. त्यांनीच शब्द टाकला आणि मला त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला मिळालं. ती भरपाई होती का, मी कधी विचारलं नाही. दरवर्षी मुलाखत द्यायची, दरवर्षी मॅडम समोर असायच्या, आणि दरवर्षी मी गोड हसायचे. वडील लोकांना सांगायचे, पोरगी प्रोफेसर झाली.

आणि यंदा सर गेले. सकाळी तलावाकडे फिरायला गेले होते. कट्ट्यावर बसले ते उठलेच नाहीत.

मी खूप रडले. हे लिहिताना लपवत नाही. त्यांनी दिलेली पुस्तकं उशाशी घेऊन बसले. पानांच्या कडेला त्यांची बारीक पेन्सिल. कुठं ‘का?’, कुठं ‘हे कोण ठरवणार?’ लिहिलेलं. असे प्रश्न कागदाच्या कडेला विचारणारा माणूस होता तो. मोठ्यानं विचारायची वेळ आली तेव्हा चष्मा पुसत बसला. माझ्या बापाच्या पायात चपला घालायला लावणारा माणूस आणि माझं भाषण दुसऱ्याला काढून देणारा माणूस एकच होता, आणि मला दोघांचंही सुतक होतं.

मॅडमचा फोन आला. “उद्या शोकसभा आहे. तू बोल. त्यांची लाडकी ना तू? पाच मिनिटं. जरा भावनिक असू दे. आणि हो, पुढच्या आठवड्यात मुलाखती आहेत, लक्षात आहे ना?”

तेच सभागृह. व्यासपीठावर सरांचा हार घातलेला फोटो, त्यांच्याच जुन्या खुर्चीवर ठेवलेला. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी. आम्ही त्यांना काकू म्हणतो.

मॅडम आधी बोलल्या. बोलता बोलता त्यांनी खरंच डोळे पुसले. “सरांनी इतक्या वर्षांत एकदाही तक्रार केली नाही. एकदाही वाद घातला नाही. ज्या पार्श्वभूमीतून ते आले, तिथून येऊन एवढा समंजसपणा! नाहीतर आजकालची मुलं. जरा काही झालं की निघाली अर्ज घेऊन.”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. गरजच नव्हती.

मी फोटोकडे पाहिलं. एवढ्यासाठी, सर? आयुष्यभर जीभ दाताखाली धरली ती या एका वाक्यासाठी? मेल्यावर सुद्धा ‘त्या पार्श्वभूमीतून येऊन’ असंच म्हणतात की हो तुम्हाला. एक शब्दसुद्धा कमी केला नाही त्यांनी.

माझं नाव पुकारलं. मी भाषण लिहून आणलं होतं. पानभर, भावनिक. ते काढलंच नाही.

“सर मला बापासारखे होते,” मी म्हणाले. “त्यांनी मला जे शिकवलं त्याच्यावर मी जगते. याच सभागृहात मॅडम मला म्हणाल्या होत्या की कायम सदस्यत्व जन्मानं मिळतं. सर तिथंच होते. समितीसमोर ते म्हणाले, मी ऐकलं नाही. मला एकटीला म्हणाले, ऐकलं. आज मॅडम ज्याला समंजसपणा म्हणाल्या, त्याला सर वर्गात दुसरं नाव द्यायचे. त्यांच्या विद्यार्थ्यांना ते माहीत आहे.”

मागून कुणीतरी बोललं, “अगं, ही काय वेळ आहे का?”

“तेव्हाही नव्हती,” मी म्हणाले आणि खाली येऊन बसले.

मॅडमनी माइक घेतला. आवाज अगदी शांत. “आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू या.”

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. मी उठले नाही. मी बसून रडत होते आणि मला आवाज आवरत नव्हता. सरांना देण्यासारखी शांतता माझ्याकडे उरली नव्हती. होती तेवढी मी दिलेली होती.

बाहेर काकूंनी मला गाठलं. माझा दंड घट्ट धरला.

“लेकीसारखी वागवली तुला. आजचा एक दिवस सोडायचा हुतास की गं. मेलेल्या मानसाला तरी.”

त्यांचं खरं होतं. माझंही खरं होतं. त्या दंड सोडून निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतलेला नाही.

मुलाखत झाली. पाच मिनिटांत झाली. निवडलेल्यांत माझं नाव नव्हतं. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सर आपले हुते की गं.”

“हुते,” मी म्हणाले. “म्हणून तर.”

मी जुनी तक्रार पुन्हा दिली आहे, आणि तिच्यात शोकसभेतल्या मॅडमच्या वाक्याची भर घातली आहे. समितीत आता नवी माणसं आहेत. त्यांच्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “जुनं प्रकरण आहे. साक्षीदार हयात नाही. मागं घ्या. पुढच्या वर्षी तासांचं बघू.”

मी मागं घेणार नाही. सोमवारी बोलावलं आहे. मॅडम असतील, ओळखीचं हसतील. सरांचं नाव निघेल. मी त्यांना वाचवणार नाही आणि बुडवणारही नाही. सात रस्त्यावर त्यांनी उच्चारलेला तो एक शब्द मी जसाच्या तसा, त्यांच्या बोलीत सांगेन. कागदावर घ्यायला लावेन.

मग ते विचारतील, तुमच्या बाजूनं बोलायला आहे तरी कोण?

छापल्यासारखं मराठी मला येतं. सरांनीच शिकवलं. पण या प्रश्नाचं उत्तर मी वैरागच्या भाषेत देणार आहे, खुर्चीतून उभं राहून, चपला पायात ठेवून.

मी हाय हितं.