जोडीने टांगलेले बोंबील

नॉर्वेहून शिकायला आलेली एक मुलगी मुलुंडला आमच्याकडे वर्षभर राहिली. माझा मुलगा परदेशात शिकायला गेल्यामुळे त्याची खोली मोकळी होती, आणि मोकळी खोली मला बघवत नाही. ती यायच्या आदल्या दिवशी मी कपाटाच्या दारावर यादी लावली: पाणी कधी येतं, कचरा ओला-सुका वेगळा, रिक्षा मीटरनेच. तिने ती चार दिवसांत पाठ केली. महिन्याभरात ती मला काकू म्हणायला लागली आणि मजल्यावरच्या चारही घरांत न विचारता शिरायला लागली.

अडलं ते तिच्या अभ्यासात. मासे सुकवणाऱ्या बायकांच्या कामावर तिला प्रबंध लिहायचा होता. थंडीचे महिने एखाद्या घराने तिला आपल्यासोबत काम करू द्यायला हवं होतं. तसं घर महिनाअखेरपर्यंत मिळालं नाही, तर विषय सोड आणि परत ये, असं तिच्या सरांनी कळवलं होतं. ती एकटी दोनदा मढच्या कोळीवाड्यात जाऊन आली.

"सगळ्या खूप छान आहेत, काकू. पण मला खुर्ची देतात. काम देत नाहीत."

"पद्धतशीर विचारायला हवं," मी म्हटलं. आम्ही मूळचे कोकणातले. पंचवीस वर्षं मी मासळी बाजारात उभी राहून घासाघीस केली आहे. कोळणींशी कसं बोलायचं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. शनिवारी बसून प्रश्न काढले, टाइप केले, पाच प्रती छापून क्लिपबोर्डला लावल्या. रविवारी सकाळी वर्सोव्याहून बोटीने आम्ही मढला उतरलो.

किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणल्या होत्या. चारपाच बायका टोपल्यांतले बोंबील उचलून दोऱ्यांवर टांगत होत्या. मी सगळ्यांत वयस्कर बाईंना नमस्कार केला आणि पेन उघडलं.

"आजी, घरात माणसं किती?"

"सात."

"किती वर्षं राहता इथे?"

आजींनी हातातला बोंबील टोपलीत परत टाकला. शेजारची एक बाई उठली, घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"कसला सर्वे हाय?" आजींनी विचारलं.

"सर्वे नाही हो. अभ्यास आहे, या मुलीचा."

"मागचे पण गोड बोलले. घरं मोजली, भिंतीवर लाल आकडे काढले. आजून कोण काय सांगत नाय." त्यांनी माझा क्लिपबोर्ड ओढून शेजारी बोंबील टांगणाऱ्या सुनेच्या हातात दिला. "वाच गं."

सुनेने मोठ्याने वाचलं: "घरातील माणसे. वास्तव्य किती वर्षे. जागा कोणाच्या नावावर."

"अभ्यास माशांचा ना? मग जागा कोणाच्या नावावर, ते तुला कशाला गो?"

मी पेन मिटलं. ऑफिसात भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर हे रकाने असत, म्हणून माझ्याही यादीत आले होते. मुंबईत घरं हलवायची असली की आधी असाच कागद घेऊन माणसं दारात येतात, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता.

तेवढ्यात बायका हसायला लागल्या. मुलीने टोपलीतले दोन बोंबील घेऊन त्यांच्या शेपट्या सुतळीने बांधल्या होत्या आणि ती जोडी दोरीवर टाकली होती. दोन्ही बोंबील सटकन निसटून वाळूत पडले.

"वाट लागली!" ती स्वतःच म्हणाली. हे आमच्या मजल्यावरचं शिक्षण. सून तर पोट धरून हसली.

मग मुलीने मोबाईलमधला फोटो आजींपुढे धरला. तिच्या गावातल्या लाकडी मांडवावर शेपटीला शेपटी बांधून जोडीने टांगलेले मोठमोठे मासे, आणि मागे बर्फ. मोबाईल लांब धरून आजींनी तो बराच वेळ पाहिला.

"तुमचं पण जोडीनंच?"

"हो. माझी आजी बांधते."

"माशा बसत नसतील बरफात."

"नाही. पण कावळे येतात."

"कावळे मेले सगळीकडं!" आजींनी टोपलीतून दोन बोंबील उचलले. "तुमचा मासा घट्ट. ह्याच्या शेपटीत दम नाय. ह्याचा जबडा त्याच्या जबड्यात अडकव. दात आकड्यासारखे हायत, सोडत नाय."

मुलीने अडकवलं. बोटाला रक्त आलं, पण जोडी दोरीवर टिकली.

"मी थंडीभर येऊ?" तिने विचारलं.

आजी माझ्याकडे वळल्या. "आधी तुझा तो कागद फाड."

"पाचही फाडते," मी म्हटलं आणि सुनेकडून क्लिपबोर्ड घेऊन फाडले. न भरलेला फॉर्म मी आयुष्यात पहिल्यांदाच फाडत होते. सुनेने तुकडे दारातल्या चुलीत घातले.

"रोज सकाळी सहाला यायचं," आजी मुलीला म्हणाल्या. "एक दिस येऊन दोन दिस दांडी, असं चालायचं नाय. आन् आता ही टोपली संपव."

ती वाळूत मांडी घालून बसली. दुपारी परत निघताना मी तिला हाक मारली, तेव्हा दोन्ही हातांत बोंबील असल्याने तिने मानेनेच नाही म्हटलं. मी एकटीच बोटीत चढले आणि तिच्या सरांना घर मिळाल्याचं कळव, एवढा निरोप तिच्या मोबाईलवर टाकला.