नसरीनची पेन्सिल

नसरीन गेल्याचं तिच्या भाईजाननी फोनवर कळवलं, तेव्हा मी लातूरच्या आमच्या शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. "सुमनताई, नसरीन गेली... सकाळीच," एवढंच ते बोलले. मी फोन ठेवला आणि उरलेल्या तीन वह्या तपासून टाकल्या. अशा वेळी माणूस काय करेल त्याचा नेम नाही. आता दीड महिना होऊन गेला. जे तिला समोरासमोर सांगायला हवं होतं, ते इथं लिहायला बसलेय.

नांदेडच्या एका घड्याळजीची ही मुलगी. अकरावीला क्लाससाठी लातूरला आली आणि माझ्या खोलीवर राहिली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागायला नुकती सुरुवात झाली होती. तिचं एकदा वाचून व्हायचं, माझं तीनदा वाचूनही पाटी कोरीच! एकदा माझे वडील, दादा, माझ्या धाकट्या बहिणीला, अकरा वर्षांच्या मंगलला, घेऊन खोलीवर आले. जेवताना मंगलचा घास हातातच थांबला. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. मी घाईनं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "प्रवासानं पेंगलीय." नसरीन बघत राहिली.

त्याच वर्षी भूकंप झाला. घर पडलं, पण आमच्या घरातली सगळी माणसं वाचली. मंगलसुद्धा. मग हिवाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना, तिला मोठी फिट आली आणि ती त्यातून उठलीच नाही. मी गावाकडं पोचले तर आईनं मला बाजूला घेतलं. "फिटनं गेली म्हनलीस तर तुला कोन करून घेईल? भूकंपात डोस्क्याला मार लागला हुता, त्यानं गेली म्हन. कोन इचारतंय?" खरंच कुणी विचारलं नाही. त्या वर्षी आमच्या भागात मरणाचं कारण विचारायची सोयच नव्हती. खोलीवर परत येऊन मी नसरीनलाही तेच सांगितलं. तापातही क्लास न चुकवणारी ती पोरगी दोन दिवस क्लासला गेली नाही. माझ्या गळ्यात पडून माझ्यापेक्षा जास्त रडली.

पुढं ती डॉक्टर झाली, मग संशोधनात शिरली. लहान मुलांच्या दुर्मीळ फिट्स, त्यांच्यामागचे जनुकांतले बारीक बदल, हेच तिचं आयुष्य झालं. प्रयोगशाळा हैदराबादला, पण तिचा जीव इकडंच. चाकूर, नायगावकडच्या ओसऱ्यांवर मांडी घालून ती लोकांच्या वंशावळी काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर तो भरलेला. एका म्हातारीनं तिला विचारलं होतं, "बाई, तुमी सोयरिकी जमवता का?" ही म्हणाली, "नाही मावशी, जमलेल्या वाचते." नोंदींचा तिचा नियम अब्बांच्या दुकानातला होता. गिऱ्हाईक सांगतं ते पेन्सिलीनं लिहायचं, घड्याळ उघडल्यावर दिसतं ते पेननं.

माझ्या भावाच्या मुलाला, ओंकारला, तान्हा असल्यापासून फिट्स येतात. मीच त्याला तिच्याकडं नेलं. तपासणीत एक बदल सापडला, पण आजार त्याच्यामुळंच आहे की तो निरुपद्रवी आहे, हे ठरेना. "घरात आधी कुणाला असलं तर कोडं सुटायला मदत होईल, सुमन. हाच बदल कारण असेल तर चालू औषधानं त्रास वाढत असेल. ते बदलावं लागेल," ती म्हणाली. कागदावर मंगलचा गोल आला. "आणि मंगल?" त्याच महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. मी म्हणाले, "तुला माहितीय की. भूकंपातला मार." तिनं माझ्याकडं पाहिलं, हातातला पेन ठेवला आणि पेन्सिल उचलली. मला ते दिसलं. न दिसल्यासारखं केलं... आईनं शिकवलेलं मी किती चोख शिकले होते!

त्यानंतर दोन वर्षं ओंकार पडत राहिला, फुटलेल्या हनुवटीनं शाळेत जात राहिला, आणि मी गप्प राहिले. मुलीचं लग्न होऊन गेलं तरी गप्पच. मग नसरीनला कॅन्सर निघाला. नांदेडला शेवटची भेटले तेव्हा ती अंथरुणावर होती. ओंकारचं विचारून झाल्यावर म्हणाली, "सुमन, काही सांगायचंय का?" मी म्हणाले, "तू आधी बरी हो." "हाव," म्हणून ती हसली आणि तिनं डोळे मिटले.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला गेले तेव्हा भाईजाननी एक फाईल दिली. वर ओंकारचं नाव, आत आमची वंशावळ. मंगलचा गोल रिकामा, शेजारी पेन्सिलीनं 'भूकंप?' आणि खाली बारीक अक्षरात, 'खोलीवर पाहिलं होतं. घास हातात थांबला. सुमन सांगेल.'

तिनं मला एकदाही खोटी म्हटलं नाही. वाट बघितली.

घरी आल्यावर मी भावाला समोर बसवून खरं सांगितलं; मंगल गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, त्यालाही भूकंपच माहीत होता. मग पेन घेऊन मंगलचा गोल पूर्ण भरला आणि शेजारी लिहिलं : फिट. भूकंप खोडरबरानं खोडला. कागदाची प्रत तिच्या प्रयोगशाळेत पाठवली, त्यांनी ओंकारला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. मूळ कागद माझ्या टेबलावर आहे. 'सुमन सांगेल' हे मात्र अजून पेन्सिलीतच आहे. त्यावर पेन फिरवायचा हक्क तिचा होता.