भाषणवीरांची मुलगी

मुख्याध्यापकांना त्यांच्या पाठीमागे सगळे भाषणवीर म्हणत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोप देताना ते माइक घट्ट धरून गरजत, "घरी बसून पोटं सुटतात! सैन्यात जा!" स्वतःचं सुटलेलं पोट तेवढं टेबलाआड असे. दरवर्षी दोन-चार पोरं भारावून भरतीला जात. सर त्यांच्या पाठीवर थाप मारत आणि घरी येऊन पंख्याखाली आडवे होत.

यंदा निरोप घेणाऱ्यांत त्यांची मुलगीही होती. जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी भरतीला जायचं म्हणतेय."

सरांचा घास हातातच राहिला. "काय?"

"सकाळी तुम्हीच सांगितलंत ना?"

"अगं, ते भाषण होतं!" सर कळवळले. "ज्यांना पुढे दुसरं काही जमणार नसतं, त्यांच्यासाठी असतं ते. तुला कशाला नसतं झेंगट?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. बाप असा उघडा पडलेला पाहून तिला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती नुसती किळस.

शाळेच्या शिपाईकाकांचा मुलगा असंच भाषण ऐकून गेला होता आणि गुडघा निकामी होऊन परतला होता. सर त्याला बघायला एकदाही गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेली.

"तुला खरंच जायचंय," त्याने ट्यूब पाण्यात बुडवत विचारलं, "की सरांची जिरवायचीय?"

"दोन्ही."

"जिरवायला गेलीस तर आठवड्यात रडत येशील. तिथं शिव्या खायच्या, अर्धवट झोपायचं, आणि बराच वेळ नुसतं उभं राहायचं."

"तू पुन्हा जाशील?"

"पाय धड असता तर आत्ता निघालो असतो," तो म्हणाला आणि पुन्हा ट्यूबमधलं भोक शोधू लागला.

तिने उन्हाळाभर विचार केला. रोज पहाटे धावली. बापावरचा राग धावताना पहिल्या वळणापर्यंतच पुरायचा. पुढचं सगळं तिला मनापासून आवडत होतं. हे पक्कं कळल्यावरच ती भरतीला उभी राहिली आणि निवडली गेली.

सरांनी घरोघर पेढे वाटले. "लहानपणापासून तिच्यात मीच ही आग पेटवली," असं ते सांगत सुटले. आई म्हणाली, "निदान तिच्यासमोर तरी हे बोलू नका." पण सर ऐकतात कुणाचं!

प्रशिक्षणाला गेल्यावर महिन्याने मुलीचा फोन आला. पायांची सालटी निघाली होती, आवाज बसला होता.

"आई, इथली ट्रेनिंग देणारी बाई तोंडाला येईल ते बोलते गं. पण आमच्या पुढे ती स्वतः धावते."

"बाबांना देऊ? केव्हाचे हात पुढे करून उभे आहेत."

प्रत्येकीला फोनवर ठरावीक मिनिटं मिळत. तिची अजून बरीच उरली होती.

"नको," मुलगी म्हणाली. "वेळ संपली." आणि तिने फोन रांगेतल्या मागच्या मुलीच्या हातात दिला.