कानबाईचा पट्टा

आमच्या गाडीतली सगळ्यात सुरक्षित जागा एका नारळाला मिळाली आणि त्याचा पट्टा मी स्वतःच्या हातांनी आवळला.

नारळ साधा नव्हता. आमच्या भाऊबंदकीची देवी, कानबाई होती ती. डोळे रेखलेली, नथ ल्यालेली, शालू नेसलेली. यंदा श्रावणात ती जळगावहून धुळ्याला, मोठ्या भावाच्या घरी बसणार होती. आमच्या घरचा नियम असा, की वाटेत तिला खाली ठेवायचं नाही आणि उपाशी माणसानेच धरायचं. माझ्या आत्याला, म्हणजे अक्कांना, उपास होता. वडिलांना, म्हणजे नानांनाही होता (पण तंबाखूमुळे ते बाद). बायको सारिका गोळी घ्यायची म्हणून पोहे खाऊन निघालेली. मी गाडी चालवत होतो. उरली तीन वर्षांची चिमी, तिच्या लहान मुलांच्या खुर्चीत पट्ट्यांनी पक्की बांधलेली.

ही खुर्ची म्हणजे माझा अभिमान. कितीतरी व्हिडिओ बघून आणलेली. कॉलनीत कोणाचं पोर बापाच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरताना दिसलं, की मी त्या बापाला गाठून भाषण द्यायचो. लोक मला बघून काच वर करायचे.

एरंडोल गेलं आणि अक्कांचे हात भरून आले.

"पोरले मांडीवर ली ले वं," त्या सारिकाला म्हणाल्या. "त्या खुर्चीमा कानबाई बसू दे."

"अक्का, हायवे आहे. चिमी नाही उठणार."

"आम्ही बठ्ठा ट्रॅक्टरवर बशीसन मोठा व्हयनूत. काय व्हयनं?"

"मग नारळ मी धरते."

"तू खायेल शे."

नाना पुढच्या सीटवरून मला म्हणाले, "कानबाई पडनी ते बठ्ठी भाऊबंदकीले काय सांगशी?"

सारिकाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?"

बोललो ना. "धुळं आता काय, आलंच," असं बोललो. (अजून पारोळाही यायचं होतं!)

गाडी कडेला घेतली. चिमीला उठवलं, कानबाईला बसवलं. खांद्यांवरून दोन पट्टे, कमरेला एक. शालू चुरगळू नये म्हणून मध्ये टॉवेल. मग ओढून पाहिलं, व्हिडिओत दाखवतात तसं. अक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

फागण्याच्या अलीकडे एक ट्रॅक्टर हात न दाखवताच वळला. मी ब्रेक मारला. चिमी आईच्या हातांतून सुटली आणि पुढच्या सीटवर तोंडावर आदळली. ओठ फाटला, फ्रॉक लाल झाला. नाना गर्रकन वळले, ते आधी नारळाकडे. त्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही, कारण आरशात मीही आधी तिकडेच पाहिलं. कानबाईची नथसुद्धा हलली नव्हती.

"देवीले काही व्हयनं नही, माय," अक्का हात जोडून म्हणाल्या. सारिकाने धुळ्यापर्यंत चिमीच्या ओठावर रुमाल दाबून धरला.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "गाडीत मुलांची सीट नव्हती?"

"होती."

"मग?"

"तिच्यात दुसरं कोणी बसलं होतं."

"ते किती वर्षांचं?"

उत्तर अक्कांनी दिलं, "मनी आजीना येळनी शे."

'आजीच्या वेळची,' असं पुटपुटत डॉक्टरांनी टाका आवळला. मग मला म्हणाले, "तुम्हाला कुठे लागलं का?"

"नाही," मी म्हणालो. "मी पट्टा लावला होता."

भावाच्या घरी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. एवढा ब्रेक लागूनही कानबाईला ओरखडा नाही, गाडी चालवावी तर यानेच! कानबाईच्या प्रसादाचा रोट मी ताटात तसाच ठेवला. चिमीला तर तोंडच उघडता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कौतुकाची शिसारी आली.

परतताना कानबाई धुळ्यालाच राहिली आणि खुर्ची मोकळी झाली. चिमीला बसवून मी पट्टा लावायला वाकलो, तर ती सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "पप्पा, देवी आली की मी उठेन."

"नाही बाळा. आता कोणीही आलं तरी तुला उठवणार नाही."

हे खरं का, म्हणून तिने आईकडे पाहिलं. पोर हुशार आहे. खात्री केल्याशिवाय माझ्या शब्दावर बसत नाही.